कोरडी चाकी

धाकट्याच्या मनगटाला सात टाके पडले त्या संध्याकाळी अख्खं घर वहिनीच्या हातांकडे बघत होतं. हात काळे होते, नखांत ग्रीस होतं, आणि जेवणाच्या टेबलावर ते कुठे ठेवावेत हे तिला अकरा वर्षांत पहिल्यांदाच कळत नव्हतं.

वहिनी तिला सगळेच म्हणत. सख्खा दीर म्हणायचा, कामावरचे दोन गडी म्हणायचे, बाजारातला सुट्या भागांचा दुकानदारही म्हणायचा. घरचा धंदा झाडं उतरवायचा. वाळलेली, वीज पडलेली, भिंतीवर रेललेली, कुणाच्या छपरावर फांदी टाकून बसलेली झाडं. सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, एका चेनसॉवर हा धंदा उभा केला. आता सहा झाल्या होत्या. थोरला, म्हणजे वहिनीचा नवरा, आणि धाकटा, तिचा दीर, दोघे दोर बांधून वर चढत. वर चढणाऱ्यांचं सगळे कौतुक करतात. संध्याकाळी परत आलेल्या, भुशाने आणि चिकट तेलाने बरबटलेल्या यंत्रांकडे कुणी ढुंकून बघत नाही. ती यंत्रं वहिनीची.

चेनसॉची लांब पट्टी असते, तिच्या कडेच्या खाचेतून साखळी धावते. पट्टीच्या टोकाला, ज्याला सगळे नाक म्हणतात, साखळी वळसा घेऊन माघारी फिरते. तिथे नाकात नाण्याएवढी दातेरी चाकी असते आणि चाकीच्या पोटात सुईच्या जाडीचे बारीक रोलर. साखळी धावते तेव्हा ही चाकी वेड्यासारखी फिरते. तिला ग्रीस मिळालं तर ती वर्षभर कुरकुर करत नाही. नाही मिळालं तर तापते, निळी पडते, डुगडुगायला लागते आणि एक दिवस जागच्या जागी अडकते. मग साखळी पट्टीवरून उसळते. जमिनीवर उसळली तर माणूस शिवी हासडतो आणि परत बसवतो. दोराला लटकून चाळीस फुटांवर उसळली तर कुणाचं काय होईल ते सांगता येत नाही. धाकट्याचं सात टाक्यांवर भागलं.

सहा आठवड्यांत हे चौथं नाक होतं.

"गुण हाताचा असतो," बाबा म्हणाले. ते टेबलाच्या टोकाला बसले होते, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरची काठी खुर्चीला टेकवून. आवाज चढलेला नव्हता. बाबांचा आवाज चढत नसे, त्यांना त्याची गरजच पडत नसे. "आधी असं होत नव्हतं. आता होतंय. तू दमतेस, दुसरं काही नाही. सोमवारपासून सगळ्या पट्ट्या बाजारातल्या गॅरेजला जातील. ते बघतील. तू घर बघ."

तू घर बघ. वहिनीला वाटलं, समोरची पाण्याची बाटली उचलून भिंतीवर फोडावी. लग्न करून आली तेव्हा तिला पाना आणि पकड यातला फरक माहीत नव्हता. मोडक्या पट्ट्या उघडून, बोटं कापून घेऊन, चुकत माकत ती हे शिकली होती. मागच्या शेडमधलं ते डाग पडलेलं टेबल, त्याला बसवलेला, पट्टी आवळून धरणारा व्हाइस, वर लोंबणारा दिवा आणि भिंतीतले सहा खिळे, एवढं या घरात तिचं होतं. स्वयंपाकघर सगळ्यांचं होतं, झोपायची खोली दोघांची होती. टेबल तिचं होतं.

"बाबा, मी रोज ग्रीस भरते. एक दिवस चुकलेली नाही."

"मग नाकं का जातात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. थोरला आपल्या ताटात बघत होता. इतकं निरखून बघत होता की जणू ताटाला टाके पडले होते.

"सोमवारपर्यंत मला वेळ आहे ना?" तिने विचारलं.

"सोमवारपर्यंत," बाबा म्हणाले, आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुकान उघडायच्या आधीच वहिनी बाजारात दुकानदाराच्या दारात उभी होती. त्याने शटर वर केलं आणि तिने गेलेल्या चारही पट्ट्या काउंटरवर आपटल्या. तोवर गिऱ्हाइकं जमली होती, त्यांची तिने फिकीर केली नाही. उलट ती आहेत हे बरंच झालं असं तिला वाटलं.

"ही पट्टी आहे की डब्याचा पत्रा?" तिने विचारलं. "वर्षभर चालणारी नाकं दीड महिन्यात चार गेली. माझ्या दिराचा हात जायचा थोडक्यात वाचला. नकली माल ठेवता आणि वर आम्हाला वहिनी वहिनी म्हणता? चोर आहात तुम्ही. सरळ चोर."

दुकानदार बारीक चणीचा, जाड चष्म्याचा माणूस होता. त्याने एक पट्टी उचलली, नाकाची चाकी नखाने फिरवून बघितली. फिरली नाही. मागे उभा असलेला एक जाडजूड गिऱ्हाईक खाकरला आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "बायकांच्या हातात मशीन दिलं की असंच व्हायचं."

वहिनी वळली. त्याच्या बगलेत त्याची चेनसॉ होती. "दाखवा," ती म्हणाली आणि त्याने दाखवायच्या आतच पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे बघा. खाचेत भुसा दगडासारखा बसलाय. कडेला धार आलीय, ती कानस मारून काढायची असते. आणि पट्टी आलटून पालटून लावायची असते, हे कुणी सांगितलं नाही वाटतं? एकाच कुशीवर निजवून निजवून झिजवलीत बिचारीला." गिऱ्हाइकाने मशीन दुसऱ्या बगलेत घेतलं आणि भिंतीवरच्या किमतींची पाटी वाचायला लागला.

दुकानदाराने मात्र वाद घातला नाही. तिला त्याचाही राग आला. त्याने पट्टी ड्रिलखाली धरली, नाकाचे रिव्हेट उडवले, दोन पातळ पत्रे वेगळे केले आणि आतला माल एका कागदावर झटकला. चाकी पडली. रोलर टिक टिक करत पडले. काळेनिळे, भाजल्यासारखे. मधे थोडा भुशाचा चुरा. ग्रीसचा थेंब नव्हता.

"वहिनी, शेवटचं ग्रीस कधी भरलं होतं?"

"बुधवारी संध्याकाळी. गुरुवारी हे अडकलं. रोज भरते मी."

"मग ते गेलं कुठं?" त्याने चाकी नाकाशी धरली आणि तिच्यापुढे केली. "वास घ्या."

तिने घेतला. लाकडाचा वास होता, जळक्या लोखंडाचा होता, आणि त्याखाली फिकट पण ओळखू येणारा तिसरा.

"पेट्रोल," ती म्हणाली.

"उरलेल्या उघडू का?"

तिने मान डोलावली. त्याने दुसरी उघडली. तीही तशीच. "कुणीतरी नाक पेट्रोलने धुतंय," दुकानदार म्हणाला. "वरून ब्रश मारतंय. पेट्रोल आत शिरतं, ग्रीस विरघळून बाहेर येतं आणि ब्रशने भुसा आत ढकलला जातो. वर माणूस म्हणतो, काय चकाचक झालंय. दिवसभर चाकी कोरडी फिरते. असं रोज केलं तर कुठलीही पट्टी महिना काढणार नाही. माझी काय आणि दुसऱ्याची काय."

चारचौघांत तिने त्याला चोर म्हटलं होतं. आता चारचौघांतच तोंड उघडून ते मागे घ्यायला हवं होतं, आणि ते तिच्याने झालं नाही. चाकी आणि रोलर कागदात गुंडाळून तिने पिशवीत टाकले आणि ती बाहेर पडली. त्याचाही राग तिने घरच्यांच्याच खात्यात टाकला.

कारण घरचंच कुणीतरी होतं. शेडला कुलूप असायचं आणि किल्ली स्वयंपाकघराच्या दारामागे. वाटभर तिने धाकट्याला मनातल्या मनात सोलून काढलं. ग्रीसला भुसा चिकटतो, उगाच चोपडता वहिनी, हे तोच नेहमी म्हणायचा. घरी पोचली तर तो ओट्यावर पाय सोडून बसला होता, बांधलेला हात गळ्यात अडकवून.

"भाऊजी, पट्ट्या पेट्रोलने तुम्ही धुता?"

धाकट्याने तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "मी? वहिनी, मी माझे कपडे तरी धुतो का?"

हे मात्र खरं होतं. अंघोळीचा टॉवेलसुद्धा त्याचा दुसऱ्यालाच उचलावा लागायचा. असा माणूस भल्या सकाळी उठून पट्ट्या घासेल हे कुठल्याही कोर्टात टिकलं नसतं.

त्या संध्याकाळी गडी यंत्रं ठेवून गेले आणि ती टेबलाशी बसली. थोरला नेहमीप्रमाणे आपली पट्टी काढून पिशवीत घालून गाडीकडे निघाला. गेला महिनाभर तो असंच करायचा. "माझी मी बघतो, तुला एक काम कमी," असं म्हणाला होता, आणि तिला ते ऐकून किती बरं वाटलं होतं. सहावा खिळा तेव्हापासून रिकामा असायचा. बाकी पाच पट्ट्या, धाकट्याच्या मशीनला लावलेली जादाची धरून, तिने एकेक करून व्हाइसला लावल्या. पातळ पत्र्याच्या आकड्याने खाच खरवडली, साचलेला काळा गाळ काढला. नाकाजवळच्या ग्रीसच्या भोकात तार घालून ते मोकळं केलं, कारण घाणेरड्या भोकावर ग्रीसगन टेकवली की ग्रीसच्या आधी घाण आत जाते. मग गन टेकवून दाबली. चाकी थोडी फिरवली, पुन्हा दाबली. चाकीच्या दातांतून आधी काळं ग्रीस आलं, मग राखाडी, मग स्वच्छ पिवळं. पिवळं दिसलं की थांबायचं. पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूनेही तेच. पाच पट्ट्या पाच खिळ्यांना लावल्या आणि तिने कुलूप घातलं.

शनिवारी उजाडायच्या सुमाराला तिला जाग आली. शेजारची जागा रिकामी होती. ती मागच्या दाराने अंगणात आली तर शेडचा दिवा लागलेला होता.

टेबलाशी, तिच्या स्टुलावर, बाबा बसले होते. काठी भिंतीला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर जुना टॉवेल. पुढ्यात पेट्रोलचा डबा. हातात दात घासायचा निळा ब्रश, केस विस्कटलेला, जो तिने स्वतःच त्यांना आणून दिला होता. पट्टी नंबर तीनचं नाक ते त्या ब्रशने घासत होते. घासायचे, दिव्यापुढे धरायचे, फुंकर मारायचे, परत घासायचे. तोंडाने काहीतरी गुणगुणतही होते. तिचं पिवळं ग्रीस डब्यात तरंगत होतं.

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उठलीस?" बाबा म्हणाले. त्यांना यत्किंचितही संकोच वाटला नाही. "अगं, केवढं चोपडून ठेवतेस. भुसा चिकटतो त्याला. मी रोज स्वच्छ करून ठेवतो, तुझ्या लक्षातही आलं नसेल. डॉक्टरांनी झाडावर बंदी केली, साइटवर बंदी केली, झोप तर येत नाही. म्हटलं, पोरीचा एवढा भार तरी हलका करावा. आमच्या वेळी पट्टी आरशासारखी केल्याशिवाय आम्ही वर जात नव्हतो."

"तुमच्या वेळी पट्टीला चाकी नव्हती, बाबा!"

ती ओरडली. या घरात आल्यापासून बाबांवर ती कधी ओरडली नव्हती. दुसरंही कुणी ओरडलेलं तिने ऐकलं नव्हतं. बाबांचा ब्रश हवेतच थांबला.

तिने टेबलाखाली ठेवलेल्या कालच्या पिशवीतून कागदाची पुडी काढली आणि त्यांच्यापुढे उलटी केली. चाकी घरंगळली, रोलर विखुरले. "हे बघा. धाकट्याच्या पट्टीचं नाक आहे हे. उघडलेलं."

बाबांनी एक रोलर चिमटीत धरून चष्म्याजवळ नेला. "हे काय?"

"रोलर. बेअरिंग आहे आत."

"नाकात?" बाबा म्हणाले. "नाकात बेअरिंग असतं?"

वहिनी बघत राहिली. पन्नास वर्षं या माणसाने झाडं उतरवली होती. त्यातली तीस भरीव नाकाच्या पट्ट्यांवर. त्या पट्ट्यांना चाकी नसते, टोक नुसतं कडक लोखंडाचं आणि साखळी त्यावरून घसरत जाते. ती पट्टी पेट्रोलने धुवा नाहीतर रॉकेलने, तिचं काही बिघडत नाही. नव्या पट्ट्या घरात आल्या तोवर बाबा कामं ठरवणारे, माणसं हाकणारे झाले होते. पट्टी उघडून बघायची वेळ त्यांच्यावर पुन्हा आलीच नव्हती. आणि तुम्हाला हे ठाऊक आहे का, असं बाबांना विचारायची छाती कुणाची?

"मी संध्याकाळी भरते," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "तुम्ही सकाळी काढता. सहा आठवडे. मी भरतेय आणि तुम्ही काढताय. आणि वर जेवणाच्या टेबलाशी बसून मला म्हणालात, गुण हाताचा असतो."

बाबांनी रोलर कागदावर परत ठेवला. "धाकट्याची पट्टी," ते म्हणाले, "बुधवारी घासली होती. गुरुवारीही. खास घासली होती, लांबची साइट होती म्हणून."

"हो."

"म्हणजे त्याचा हात मी..."

तिला त्यांची दया यायला हवी होती. म्हातारा माणूस, ऑपरेशन झालेला, मदत करायला गेला आणि पोराच्या हाताला टाके पडले. पण दया आली नाही. राग होता तेवढाच होता, फक्त तो ठेवायचा कुणावर हे कळेनासं झालं होतं. ज्याला ठाऊकच नव्हतं त्याच्यावर किती वेळ ओरडणार?

तेवढ्यात दार पायाने ढकलून थोरला आत आला. दोन्ही हातांत चहाचे कप होते.

"बाबा, चहा. आज किती झाल्या?" असं म्हणत त्याने मान वर केली आणि वहिनीला पाहिलं.

कप दोन होते. वहिनीने ते दोनदा मोजले. एक बाबांचा, दांडी तुटलेला, त्यांच्याच आवडीचा. दुसरा थोरल्याचा. रोजची जागा असल्यासारखा तो कोपऱ्यातल्या ओंडक्याकडे निघाला होता. ओंडक्यावर चहाच्या कपाचे गोल डाग होते. एकावर एक, कितीतरी.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

थोरला ओंडक्यापाशी थबकला.

"कधीपासून?" हे बाबांनी विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात बघितलं तुम्हाला."

"आणि आत बेअरिंग आहे, ते ठाऊक होतं तुला?"

"बाबा, चहा गार होतोय."

"ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही ऑपरेशननंतर नुसते छताकडे बघत पडायचात," थोरला म्हणाला. "इथे येऊन बसायला लागलात आणि पहिल्यांदा तोंडातून गाणं ऐकलं तुमच्या. काय सांगणार? तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आता काय वाटतंय असं वाटतं तुला?" बाबा म्हणाले. आणि त्यांचा आवाज चढला. "तुझ्या भावाचा हात गेला असता! मी घासतोय आणि तू तिथे बसून चहा पितोयस? मी अडाणी होतो, तू कोण होतास?"

आवाज ऐकून धाकटा गळ्यात हात अडकवून दारात येऊन उभा राहिला. वहिनीला बाकी कुणी दिसतच नव्हतं. गुरुवारचं ते ताट तिला दिसत होतं आणि त्यात घातलेली मान.

"परवा टेबलावर मला बोलले तेव्हा तू समोर बसला होतास," ती म्हणाली.

"मला वाटलं, पट्ट्या गॅरेजला गेल्या की आपोआप मिटेल सगळं. बाबा धुणार नाहीत, नाकं जाणार नाहीत. तुलाही जरा आराम."

"म्हणजे बाबांचं मन राखायला माझं टेबल."

"तसं नाही गं."

"तसंच." ती भिंतीकडे वळली. पाच खिळ्यांना पाच पट्ट्या लावायची ती. सहावा खिळा रिकामा. माझी मी बघतो, तुला एक काम कमी. महिनाभर तिने ते वाक्य मनात जपून ठेवलं होतं, नवऱ्याला आपली कदर आहे म्हणून. तिने पुन्हा त्या खिळ्याकडे पाहिलं.

ती अंगणात गेली, गाडीचं दार उघडलं, सीटमागची पिशवी घेऊन आली आणि थोरल्याची पट्टी टेबलावर ठेवली. नाकाची चाकी नखाने टिचकी मारून फिरवली. गरगर फिरली. दातांत स्वच्छ पिवळं ग्रीस होतं. भोक मोकळं. अगदी तिच्या पद्धतीने, तिच्याकडूनच शिकलेलं.

"चार नाकं गेली," ती म्हणाली. "त्यात तुझं एकही नाही."

धाकटा आधी पट्टीकडे आणि मग भावाकडे बघत होता. त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने बांधलेला हात दुसऱ्या हाताने धरला, दुखल्यासारखा.

"दादा," तो म्हणाला.

"मी ठरवून नाही केलं," थोरला म्हणाला. "एक दिवस गाडीतच राहिली. मग... राहू दिली."

वहिनीने टेबलावरून पट्टी नंबर तीन उचलली. बाबांनी नुकतीच घासलेली, पेट्रोलने ओली, दिव्याखाली चमकणारी. ती तिने नवऱ्यापुढे धरली.

"घे. आज ही लावून वर जा."

थोरल्याने पट्टीकडे पाहिलं.

"घे ना. बाबांनी आरशासारखी केलीय. भावाला चालत होती, गड्यांना चालत होती. तुला का नको?"

त्याच्या दोन्ही हातांत अजून कप होते. त्याने ते खाली ठेवले नाहीत. बाबा बघत होते, धाकटा बघत होता. पट्टी जड होती, वहिनीचा हात भरून आला, तरी तिने तो खाली घेतला नाही. थोरल्याचा हात काही पुढे आला नाही.

"बस," ती म्हणाली. "एवढंच बघायचं होतं."

तिने पट्टी व्हाइसला लावली. बाबा काठीला रेटा देत स्टुलावरून उठायला लागले. "टेबल तुझंच राहील," ते म्हणाले. "सोमवारचं विसर. मी चुकलो."

"टेबल माझंच आहे, बाबा. तुम्ही द्यायचा प्रश्न येत नाही. आणि उठू नका, बसा. झोप येत नसेल तर खुशाल या, पण तो डबा बाहेर ओता आणि भोकं कशी साफ करायची ते शिका. माझ्या हाताखाली." तिने तार त्यांच्यापुढे टाकली. बाबांनी ती उचलली, चष्मा वर सरकवला आणि नंबर दोनची पट्टी मांडीवर घेतली. अशा आवाजात त्यांना कुणी काम सांगितल्याला बहुधा चाळीस वर्षं झाली असतील.

"आज कुणी वर जाणार नाही," ती धाकट्याला म्हणाली. "गड्यांना फोन करून सांगा."

थोरला अजून तिथेच उभा होता. "आणि मी?"

"दहा वाजता बाजारातलं दुकान भरतं. त्या माणसाला मी चारचौघांत चोर म्हणाले. माफी मी मागणार. तू माझ्याशेजारी उभं राहायचं आणि सगळ्यांना सांगायचं, ही का म्हणाली ते."

"सगळ्यांसमोर?"

"टेबलावर मला बोलले तेव्हा सगळेच होते."

त्याने मान डोलावली. मग त्याने विचारलं, "राग कधी जाईल तुझा?"

वहिनीने दुसरी तार भोकातून आरपार काढली, पुसली, ग्रीसगन टेकवली आणि दाबली. दातांतून आधी पेट्रोलाने पातळ झालेलं पाणचट काळं आलं. तिने चाकी फिरवली, पुन्हा दाबलं. राखाडी आलं.

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली, "आणि आजपासून तुझी पट्टी त्या सहाव्या खिळ्यावर लागेल. सगळ्यांच्या शेजारी."

तिने पुन्हा दाबलं, आणि पिवळं येईपर्यंत दाबत राहिली.